गेणभाऊकडची कॅसेट

दादाभाऊच्या बॅटरीचे सेल उतरले होते.

चिमाजीच्या कुत्र्याचा पट्टा उसात सापडला, कुत्रं नाही.

गेमची कॅसेट चालेनाशी झाली की तिच्या तोंडात फुंकर मारायची. चित्र येतं.

दुकानात काळे व्हिडिओ गेम खोक्यातच. पांढरे संपले.

लंकाबाई दुकानाच्या पायरीवर उभी, अनवाणी.

"दादाभाऊ, आमची श्रेया परत आलीवती का हितं?"

दादाभाऊनं शटर अर्धं ओढलेलं होतं. राजुरीत दिवस मावळला की आता सगळेच ओढत. बिबट्या गोठ्यापर्यंत यायला लागल्यापासून पोरं घरात कोंडलेली, म्हणून तर टीव्हीवरचे गेम खपत होते. पुण्याचा एजंट म्हणाला होता, काळा घ्या, चित्र झकास, शंभर गेम आतच भरलेत. पण काळ्यात कॅसेट बसत नाही, घेतला की तो एकट्याचाच. पांढऱ्याचं चित्र फिकट, तरी त्याची कॅसेट शेजाऱ्याशी बदलता यायची. हे हेरून दादाभाऊनं नियम केला: एका वस्तीत एक कॅसेट दोघांना विकायची नाही. पोरं बदलाबदली करू लागली. ज्या घरात गेम नव्हता, तिथलं पोर हट्ट धरून बसलं. पांढरे पुरेनात.

दुपारी श्रेया आजीला, लंकाबाईला, घेऊन आली होती. मोटारींच्या शर्यतीची कॅसेट हवी होती. ती गेणभाऊकडे आहे, तुझी दे आणि त्याची आण, असं दादाभाऊनं हसत सांगितलं होतं.

"गेणभाऊकडं आसंल," तो आता म्हणाला.

"तितनं कवाच निघाली म्हणत्यात."

गेणभाऊच्या वस्तीपासून लंकाबाईच्या घरापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस होता.

माणसं डबे बडवत निघाली. पुढे कोयता घेऊन गेणभाऊ.

"दादाभाऊ, तू मदी चाल," तो म्हणाला. "तुला काय झालं तर आमाला कॅसेटा कोण दील?"

दादाभाऊ मधे चालू लागला. उसाचं वाळलेलं पाचट वाजलं की सगळे थांबत. पाटाजवळच्या चिखलात पंजाचा एक ठसा होता, ताजा, आत पाणी झिरपत असलेला. गेणभाऊनं त्यावर पाय ठेवला आणि लंकाबाई पुढे जाईपर्यंत तो उचलला नाही.

श्रेया विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीवर होती. पत्र्यावर पालथी, कंबरेपर्यंत भिजलेली. तिथं ती कशी चढली ते तिलाही सांगता येईना. गेणभाऊनं तिला खाली घेतलं. तिचे दात वाजत होते. लंकाबाईनं पदरानं तिचं तोंड पुसलं, तरी ती दादाभाऊकडेच बघत होती. मग तिनं स्वेटरच्या आत हात घातला आणि कॅसेट काढली.

"काका, भिजली न्हाई बगा."

त्यानं ती घेतली. परत द्यावी की ठेवावी, ते त्याला समजेना.

दुसऱ्या दिवसापासून तो मागेल त्याला मागेल ती कॅसेट देऊ लागला. बदलायला कुणी कुणाकडे जाईना. महिन्याभरात पांढरे गेमही काळ्यांशेजारी खोक्यात पडून राहू लागले.

दादाभाऊच्या मुलीकडे, आरतीकडे, पहिल्यापासून सगळ्या कॅसेटा होत्या.