शेवटच्या नळाखालचा पेला

मित्रांनो, मी एक जुना काचेचा पेला आहे, आणि खरे सांगायचे तर पेला होण्याच्या आधीपासूनच मी जुना आहे. माझ्या काठाचा एक टवका उडालेला आहे. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत, खिडकीच्या कट्ट्यावर, शेवटच्या नळापासून हातभर अंतरावर मी उभा असतो. सकाळचे ऊन माझ्यातून आरपार जाते आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचा एक थरथरता ठिपका पडतो. त्या ठिपक्याकडे पाहत बसण्यात माझा बराच वेळ जातो. तुम्ही याला आळस म्हणाल. म्हणा बापडे.

माझा जन्म भट्टीत झाला, पण नव्या वाळूतून नाही. मी फुटक्या काचांचा आहे. कुणाची औषधाची बाटली, कुणाची अत्तराची कुपी, एका शाळेच्या खिडकीचे तावदान, अशा सगळ्यांना एका ढिगात ओतले, धुतले, दळले आणि आगीत लोटले. आत शिरताना जो तो आपला तोरा सांभाळून होता. अत्तराची कुपी तर औषधाच्या बाटलीला अंगाला अंग लावू देईना. घटकाभरात सगळ्यांचा एकच लाल, संथ रस झाला आणि कोण कुठला हे कुणालाच आठवेना. मला मात्र अजून स्वप्ने पडतात. कधी मी खिडकी असतो आणि माझ्याआड मुले पाढे म्हणत असतात. कधी कुणी आई माझ्यातून चमचाभर कडू औषध ओतत असते आणि मूल तोंड फिरवत असते. स्वप्न संपते आणि मी पुन्हा पेला होतो. आजवर मला ओठाला लावणाऱ्या एकाही माणसाने विचारले नाही, की बाबा रे, आधी तू कोण होतास? पेला स्वच्छ आहे ना, मग झाले.

पाण्याला मात्र तोच प्रश्न विचारला गेला. त्याचीच ही गोष्ट आहे.

सहा पेल्यांच्या संचातला मी एक. आम्हाला विकत घेतले ते एका मुकादमाने. मुकादम म्हणजे शहराच्या भुयारी गटारांत उतरणाऱ्या टोळीचा म्होरक्या. त्याचे घर दोन खोल्यांचे, आणि घरात माणसेही दोनच, तो आणि त्याची लहान लेक. बायको लेकीच्या जन्मानंतर लवकरच गेली होती. संध्याकाळी कामावरून आला, की तो आधी दाराबाहेरच अंघोळ करी. मग हात धुई, मोजून तीनदा. मग लेक मला काठोकाठ भरून त्याच्या हातात देई. डोळे मिटून तो एका दमात पाणी पिई, मला खाली ठेवी आणि म्हणे, "हं. आता माणसात आलो." त्यानंतरच तो लेकीच्या डोक्यावरून हात फिरवी. तोवर ती कितीही जवळ आली, तरी तो दोन पावले मागे सरके.

त्याच्या कामाचा एक शिरस्ता होता. खाली उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी बांधत आणि वरचा माणूस ती धरून ठेवी. मुकादम ती दोरी आधी खांबाला बांधून तिला स्वतः लटके, दोन झोके घेई आणि मगच दुसऱ्याला खाली सोडी. टोळीतले लोक हसत. "मुकादम, झोपाळा झाला का खेळून?" असे विचारत. पण त्याच्या तरुणपणी एकदा दोरी न पाहताच बांधली गेली होती, आणि त्याचा जोडीदार त्या दिवशी वर आला नाही. हे तो कुणाला सांगत नसे. लेकीला मात्र एकदा त्याने सांगितले, तेव्हा मी त्याच्या हातात होतो.

"दोरी ज्याच्या हातात, त्यानं आधी स्वतः लटकायचं," तो म्हणाला.

"आणि दोरी तुटली तर?" लेकीने विचारले.

"तर आपण पडू. दुसरा नाही पडणार."

लेकीने मान हलवली आणि खेळायला पळाली. मला वाटले, विसरली असेल.

वर्षे गेली. माझी पाच भावंडे एकेक करून फुटली. त्यातले एक तर लेकीच्याच हातून गेले, परीक्षेचा निकाल ऐकून तिने टाळ्या वाजवल्या तेव्हा. ती पाण्याची तपासणी शिकली. मुकादम कामावरून निवृत्त झाला, आणि त्याच सुमाराला शहराच्या तोंडचे पाणी पळाले. धरण तिसऱ्या वर्षीही भरले नाही. तळाच्या चिखलाला भेगा पडल्या. तेव्हा शहराने एक कारखाना बांधला. सांडपाणीच इतके शुद्ध करायचे, की ते पुन्हा पिता यावे. लेकीला तिथे तपासनीस म्हणून नोकरी लागली. पहिल्या दिवशी तिने मला रुमालात गुंडाळले आणि पिशवीत ठेवले. "बाबा, हा मी नेते," ती म्हणाली. कुठे नेते ते तो विचारायला विसरला.

मित्रांनो, शेवटच्या नळाखाली उभे राहिले, की पाणी हळू आवाजात आपला प्रवास सांगते. आधी मोठ्या हौदांत ते पडून राहिले, तेव्हा गाळ खाली बसला. मग घाण खाऊन जगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी आपले पोट भरले. मग इतक्या बारीक छिद्रांच्या नळ्या आल्या, की रोगजंतूही अलीकडच्या बाजूलाच अडले. पुढे एक त्याहून बारीक पडदा होता, त्यातून जोर लावून पाण्याला गाळले. मग डोळ्यांना न सोसणाऱ्या प्रकाशाने त्याला न्हाऊ घातले. इथवर येता येता पाणी इतके निर्मळ झाले, की त्याला चवच उरली नाही. म्हणून शेवटी त्यात चिमूटभर क्षार घातले. "मी पूर्वी कोण होते, ते आता मलाही नीट आठवत नाही," असे पाणी म्हणे, आणि मला माझी भट्टी आठवे.

रोज सकाळी सात वाजता चाचण्यांचा कागद येई. सगळे आकडे बरोबर असले, की लेक मला नळाखाली धरी, उजेडात पाही, वास घेई आणि सगळे पाणी पिऊन टाकी. मगच कागदावर सही. असा काही नियम नव्हता. झडपांची उघडझाप करणारे एक चावीवाले मामा तिथे होते. ते म्हणत, "यंत्र हो म्हणालं ना बाई? मग पोटाला कशाला त्रास?" ती नुसती हसे. माझे ते सोन्याचे दिवस होते. कारखाना पाहायला येणारे पाहुणे मला हातात घेत आणि म्हणत, काय नितळ आहे हो! ते पाण्याला म्हणत असत, पण मी ते स्वतःला लावून घेई.

तोवर हे पाणी कुणाच्याच घरी जात नव्हते. ते बागेतल्या झाडांना देत. नळाला सोडायचे की नाही, हे वस्तीवस्तीत सभा घेऊन लोकांनी ठरवायचे होते, आणि पहिली सभा लेकीच्याच वस्तीत होती. त्या वस्तीने नाही म्हटले, तर बाकीच्या वस्त्याही नाहीच म्हणतील, हे सगळे जाणून होते. आणि धरणात तर पुढचा उन्हाळा निघेल इतकेही पाणी नव्हते.

सभेच्या आधी लेकीने या पाण्याची एक बाटली घरी नेली. दुसऱ्या सकाळी ती तशीच भरलेली परत आली. बाटली माझ्यात रिकामी करताना तिने मामांना घडले ते सांगितले. मुकादमाने बाटलीला हातही लावला नव्हता. तो म्हणाला होता, "जन्मभर मी ते पाणी घराबाहेर ठेवलं. अंग धुतल्याशिवाय तुला जवळ घेतलं नाही. आणि तू तेच बाटलीत भरून घरात आणतेस?" तो आता टेकडीपलीकडच्या जुन्या विहिरीचे पाणी डबा डोक्यावर घेऊन आणत होता. गुडघे दुखत होते, तरी आणत होता. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, आणि मुकादमाने काय काय पाहिले होते ते त्यालाच ठाऊक. लेकीला त्याचा राग आला नाही. तिला रडू आले.

सभा शाळेच्या मोठ्या खोलीत भरली. मी टेबलावर, भरलेला. लेकीने सगळे सोपे करून सांगितले आणि सर्वांसमोर मला रिकामे केले. एक आजोबा म्हणाले, "पण शेवटी ते गटाराचंच ना?" चावीवाले मामा उठले. "आजोबा, वरच्या गावांचं सांडपाणी नदीत येतं आणि ती नदी आपण पिढ्यान् पिढ्या पितोय. तिथे वाटेत इतके पहारेकरी कुठे होते?" लोक हसले. हवा बदलते आहे असे वाटले. तेवढ्यात कपडे शिवणाऱ्या एक मावशी उभ्या राहिल्या. त्यांनी शांतपणे विचारले, "मुली, तुझे वडील पितात का हे पाणी? गटार आमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं."

"हो म्हणा, कोण बघायला येतंय," मामा पुटपुटले.

लेक म्हणाली, "नाही. बाबा पीत नाहीत."

मग एकच गलका झाला. खुर्च्या सरकल्या, टेबलाला धक्का लागला आणि मी कलंडलो. लेकीने मला अर्ध्यात झेलले, पण टेबलाच्या कडेला लागून काठाचा टवका उडालाच. निर्णय आठ दिवसांनी घ्यायचा असे ठरले, आणि तो काय होणार हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते.

टवका उडालेल्या पेल्यात पाहुण्यांना पाणी कसे देणार? मला खिडकीत ठेवले आणि माझ्यात पेने खोचली. लेक आता स्टीलच्या भांड्याने पिऊ लागली. मी रोज ते पाहत होतो. पेनांची शाई गळून माझ्या तळाला निळा डाग पडला. तुम्हाला म्हणून सांगतो, त्या दिवसांत मला एकही स्वप्न पडले नाही.

सातव्या दिवशी सकाळी दारात मुकादम उभा होता. न बोलावता आला होता, असे मामा मागाहून सांगत. "माझ्यामुळे पोरीचं चारचौघांत नाक कापलं," तो मामांना म्हणाला. "तरी ती खोटं बोलली नाही. म्हटलं, ती करते तरी काय, बघून येऊ." सांडपाणी आत येते तिथे तो आधी थांबला, वास घेतला आणि म्हणाला, "ही वरच्या अंगाची लाईन. साबण फार वापरतात तिकडे." मामांनी कानाला हात लावला. मग तो हौदाहौदाजवळ थांबत, खोचून खोचून विचारत पुढे आला. हे बंद पडलं तर? पडदा फाटला तर? वीज गेली तर? मामांनी दाखवले, की आकडा जरा जरी हलला, तरी झडप आपोआप बंद होते आणि पाणी पुन्हा पहिल्या हौदाकडे वळते. मुकादम हूं हूं करत होता. पटले की नाही, ते कळत नव्हते.

प्रयोगशाळेच्या दाराशी तो पोचला तेव्हा सात वाजले होते. लेकीची पाठ त्याच्याकडे होती. तिने कागद वाचला, भांडे भरले, उजेडात पाहिले, वास घेतला आणि सगळे पाणी प्यायली. मग सही केली.

"असा नियम आहे का हो?" मुकादमाने हळूच विचारले.

"नियम कसला," मामा म्हणाले. "कुणी सांगितलेलं नाही. पहिल्या दिवसापासून बाई पितात. सुटी असली तरी सकाळी येऊन पिऊन जातात. मी म्हणतो कशाला, तर म्हणतात, दोरी माझ्या हातात आहे."

मुकादम जागच्या जागी थिजला. मग त्याची नजर खिडकीकडे वळली.

"माझा पेला आहे हा," तो म्हणाला. "पेनं ठेवलीत यात?"

लेकीने दचकून मागे पाहिले. तो आत आला, एकेक पेन काढून टेबलावर ठेवले आणि मला नळाखाली धुतले. एकदा, दोनदा, तीनदा. निळा डाग गेला. मग त्याने मला शेवटच्या नळाखाली धरून काठोकाठ भरले, टवका पलीकडे फिरवला, डोळे मिटले आणि एका दमात प्यायला. मी त्याचे ओठ ओळखले.

"जरा कोमट आहे," तो म्हणाला. मग त्याने मला खाली ठेवले आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "हं. आलं, पाणी माणसात आलं."

दुसऱ्या दिवशीच्या सभेत तो मला पिशवीतून घेऊन गेला आणि मावशींच्या समोर उभा राहून तेच पाणी प्यायला. भाषण केले नाही. त्याला ते जमतही नसे. मावशींनी पेला त्याच्या हातातून घेतला, उरलेल्या थेंबांचा वास घेतला आणि सगळ्यांत आधी हात वर केला. हळूहळू पुष्कळ हात वर आले. सगळे नाही आले, पण पुरेसे आले, आणि पुढच्या उन्हाळ्यात नळ कोरडे पडले नाहीत.

मित्रांनो, मी पेला, मी तुम्हाला काय शिकवणार? पण एवढे ऐका. नळ अर्धवट सोडून जाऊ नका. उरलेले तेल, जुनी औषधे, रंग मोरीत ओतू नका. तुम्ही टाकलेले सगळे आधी आमच्या दारात येते आणि त्याला अडवता अडवता माणसे थकतात. आणि पाणी असो, काच असो, की माणूस असो, तो कुठून आला एवढेच विचारून थांबू नका. आज तो कसा आहे, ते नीट तपासा आणि मग त्याला घरात घ्या.

मुकादमाला जाऊन आता बरीच वर्षे झाली. लेकीचे केस पिकले आहेत. स्टीलचे भांडे कुठे गेले, ते कुणाला ठाऊक नाही. रोज सकाळी सात वाजता ती मला तीनदा धुते, भरते, टवका पलीकडे फिरवते आणि तिचे बाबा प्यायले त्या काठाने पिते. मग कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू "आलं माणसात" म्हणते आणि सही करते. थोड्याच वेळात खाली मामांच्या जागी आलेला नवा चावीवाला झडप उघडतो, आणि पाणी तुमच्या घराकडे निघते.