रतनराजाचं सुतक

मालगाडी जाऊन चांगली पाच मिनिटं झाली होती. फाटक सताड उघडं होतं. तरी डोक्यावर घासाचे भारे घेतलेल्या चार बाया रुळांच्या अलीकडेच उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागे कानिफनाथची बैलगाडी अडकून पडली होती.

"आगं बायांनो, गाडी गेली की!" कानिफनाथ ओरडला.

"जाऊ द्या. रानी आजून आत हाय," बनुबाई मागे न बघताच म्हणाली.

"कंची रानी? कुठं आत?"

"भुयारात."

कानिफनाथने गाडीवरून उतरून रुळांखाली वाकून पाहिलं. नंतर कितीतरी महिने गावाने त्याला त्यावरून चिडवायचं सोडलं नाही. राणी होती ती फाटकवाल्या सुमनबाईच्या मांडीवरल्या पुस्तकात. पुस्तकाची पहिली सोळा पानं गायब होती, त्यामुळे ते कुणी लिहिलं आणि त्याला काय म्हणतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रतनधवल नावाचा राजा, त्याची चंपावती राणी, वाईट दिवाण, एवढं मात्र पक्कं होतं. आणि माणसाला आणखी काय लागतं?

सुमनबाई पुणतांब्याच्या या फाटकावर अकरा वर्षं होती. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा तिची पाळी, रात्रीची राधाकृष्णची. फाटक लावायचं, हिरवी झेंडी धरून उभं राहायचं, फाटक उघडायचं. सगळं गाव तिच्यासमोरून शेताला जाई आणि परत येई, पण तिला नाव आहे हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. फाटकवाली म्हणजे फाटकवाली. खांबाला कुणी नाव विचारतं का! चौथीपर्यंत शिकलेली बाई, एकटी, मूलबाळ नाही. बोलायला कुणी नसलं की ती मोठ्याने वाचायची. किराणा बांधून आलेला कागदसुद्धा ती मोठ्याने वाची. त्यातच एक दिवस मालगाडी लांबली, बाया फाटकाशी खोळंबल्या, आणि त्यांच्या कानावर रतनराजा पडला.

त्या साली राजेलोकांचे तनखे बंद होणार म्हणून रेडिओ रोज सांगत होता. पारावर पुरुष त्यावर भांडत होते. बायांना कुणी विचारलं नव्हतं, पण राजाराणीचा विषय गावात असा चुलीवर ठेवल्यासारखा होताच. राणी भुयारातून सुखरूप बाहेर आली त्या दिवशी सुमनबाईने धीर केला. "बाजारच्या दिवशी मजुरीला सुट्टी आसती ना तुमाला? दुपारच्या मालगाडीनंतर दीड तास कायबी न्हाई मला. या की इथं लिंबाखाली. मी वाचीन."

अकरा वर्षांत तिने कुणाला 'या' म्हटलं नव्हतं.

"निस्तं वाचून काय व्हनार?" झुंबरबाई म्हणाली. साठीची, सडसडीत, गावातल्या सगळ्या रीतींची मुखत्यार. "पोथी लावायची तर रीतसर लाव. पाट पायजे, हळदकुकू पायजे, नारळ पायजे. आन् एकीनं वाचायचं, दुसरीनं अर्थ सांगायचा."

"आवं, ही पोथी न्हाई मावशी. राजाची गोष्ट हाय."

"राजा काय रस्त्यावर पडलाय व्हय?"

बाजारच्या दिवशी सात बाया आल्या. पाटावर पुस्तक, पुस्तकाला हळदकुंकू, आणि अर्थ सांगायला झुंबरबाई. सुमनबाई वाची, "राणीच्या मुखकमलावर खेदाची छाया पसरली." लगेच झुंबरबाई सांगे, "म्हंजी सवत आली. आपल्या वरल्या आळीच्या गोदीचं झालतं तसंच. तिबी आदी अशीच गप बसली, आन् मग दिवाळीत सवतीला बोहऱ्याच्या दुकानी धरून हानली." चंपावतीने सवतीला हाणावं की नाही यावर मग अर्धा तास जाई. राजपुत्र झाला त्या दिवशी बनुबाई घुगऱ्या घेऊन आली, आणि पुस्तकात लिहिलेलं नाव पसंत पडेना म्हणून बायांनी बारशात दुसरंच ठेवलं.

हे पुस्तक संपत आलं की दुसरं हवं, म्हणून सुमनबाई सुट्टीच्या दिवशी गावच्या वाचनालयात गेली. तिथे ग्रंथपाल आबासाहेब चष्मा पुसत बसलेले असत.

"राजांची पुस्तकं? आख्खं सरकार राजांना काढाय निघालंय, आन् तुमी बाया त्यांना घरात घ्याय निघाला?"

"म्हनून तर. ते हुते तवा आपल्याला त्यांच्या वाड्याच्या दारात कोन उभं करीत हुतं? आता निवांत आत जाऊन बघता यील."

आबासाहेब हसले. त्यांनी वही काढली. "मंडळाचं नाव सांगा, म्हंजी नोंदवतो."

"राजेरानी वाचन मंडळ."

"चालवनार कोन?"

"लिवा, सुमन." आणि मग जरा थांबून ती म्हणाली, "फाटकवाली बी लिवा. न्हाईतर कुनाला कळायचं न्हाई."

मार्गशीर्षात लढाई लागली. फौजेच्या गाड्या धडाधड जाऊ लागल्या, फाटक सारखं बंद. सगळं गाव चडफडत होतं, मंडळ मात्र खूश होतं. बाजाराचा दिवस सोडूनही दोन-दोन पानं होऊ लागली. सुमनबाई फाटकाच्या या बाजूने वाची आणि बाया त्या बाजूने दांड्यावर हनुवटी टेकून ऐकत. 'सुमनबाई', 'सुमे', 'आगं सुमन' अशा हाका तिला दिवसभर येत. खरं सांगायचं तर तिला रतनराजाचं एवढं नव्हतं. तिला त्या हाका हव्या होत्या.

लढाई थांबली आणि पौषात रतनराजा मेला. रणात नाही, आजारपणात नाही. परमुलखात घोड्यावरून पडला. दूत राणीकडे आला. राणीने विचारलं, "जाताना काही बोलले का?" इथे सुमनबाई अडखळली. ती तेच वाक्य दोनदा वाचून थांबली. पदराने डोळे पुसत ती एकदम खेकसली, "बास. जावा आता. माझी गाडी यायचीय." गाडीला अजून पाऊण तास होता. बाया मुकाट्याने उठल्या. त्या दिवशी कुणी चहासुद्धा घेतला नाही.

पुढच्या बाजारी लिंबाखाली कुणीच आलं नाही.

सुमनबाईने पाट मांडला होता. मालगाडी गेली, दीड तास गेला, पॅसेंजर गेली. आपण रडलो, वर बायांना हाकलून दिलं. कोण येईल परत? तिने पाट उचलून आत ठेवला. पुन्हा अकरा वर्षं नुसती झेंडी धरायची! सहा वाजता राधाकृष्ण पाळीवर आला तशी ती न जेवता तडक गावात झुंबरबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. माफी मागायची एवढंच ठरलं होतं.

झुंबरबाई आणि शेजारची छबूबाई ओट्यावर बसल्या होत्या. सुमनबाई पाया पडायला वाकली तशी म्हातारी झटकन मागे सरली.

"शिवू नको! सुतक हाय."

"आगं बाई! कोन गेलं, मावशी?"

"कोन गेलं म्हनं! तूच वाचलंस की!"

"रतनराजाचं सुतक?" सुमनबाईने विचारलं.

"माझं माहेर संस्थानातलं," झुंबरबाई म्हणाली. "मी न्हानी हुते तवा महाराज गेले. आख्ख्या गावानं दहा दिस धरलं, बापानं मिशी काढली. सुतकात कुनी पोथी उघडतं का? तूबी धरलं आसशील म्हनून आमी आलो न्हाई. वाचनारीला तर आदी पायजे."

"मी हिला कवाधरनं सांगतीया," छबूबाई करवादली. "सुतक भावकीत आसतंय. आन् त्या राजाला मरून तीनशे वर्सं तरी झाली आसतील. उशिरा कळलं तर निस्ती बुडी मारली की फिटतंय. सात दिस झालं गोडाधोडाला मुकलोय आमी!"

"पाच म्हैने त्याच्या घरात बसलोय, मंग भावकी आनि येगळी काय आसती? आन् उशिरा कसं? तू हुतीस की तिथं. आपल्या म्होरं मेला तो!"

सुमनबाई ओट्याच्या पायरीवर मटकन बसली आणि हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणजे या येणार होत्या. तीन दिवसांनी सुतक फिटलं की येणारच होत्या! तिचं हसू पाहून छबूबाईही हसली. झुंबरबाई मात्र तिच्याकडे निरखून बघत होती.

"त्या दिशी तू रतनराजासाठी न्हाई रडलीस."

सुमनबाईचं हसणं ओसरलं. मग तिने सांगितलं. तिचा नवरा रेल्वेत सांधेवाला, रुळांचे सांधे बदलणारा होता. बदलीवर लांब, खानदेशातल्या एका लहान स्टेशनवर गेला होता. पावसात रुळांवर पाय घसरला. तार आली, ती पोचली तोवर सोबतच्या माणसांनी सगळं उरकलं होतं. जाताना काही बोलला का, हे तिने विचारलं, पण ते कुणालाच ठाऊक नव्हतं. भावकीशी आधीच तुटलेलं, तिकडून कुणी आलं नाही. त्याच्या जागी म्हणून इथे ही नोकरी लगेच मिळाली आणि तिने चौथ्या दिवशीच झेंडी हातात घेतली.

"म्हंजी सुतक कुनीच न्हाई धरलं?"

"कोन धरनार? माझंबी निम्मंच झालं."

झुंबरबाई छबूबाईकडे वळून म्हणाली, "ती बुडीचं काय म्हनत हुतीस?"

"उशिरा कळलं तर निस्ती बुडी."

"मंग आपल्याला आज कळलं."

दुसऱ्या दिवशी राधाकृष्णने दोन तास जास्त पाळी केली. उजाडायला मंडळाच्या साती जणी गोदावरीच्या घाटावर होत्या. गारठा असा, की दात वाजत होते. पाण्यात पाय घालताच बनुबाई किंचाळली, "आगं आई! ह्यापरीस दहा दिस बरे हुते!" आणि सगळ्या हसत सुटल्या. झुंबरबाई सर्वांत पुढे, कमरेएवढ्या पाण्यात.

"सुमन, नाव सांग. कुनाच्या नावानं बुडी मारायची?"

सुमनबाई पायरीवर थबकली. नवऱ्याचं नाव तिने लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नव्हतं. अकरा वर्षांत ते तिला कुणी विचारलंही नव्हतं.

"सहादू," ती म्हणाली.

"मोठ्यानं. मला ऐकू येत न्हाई."

"सहादू!"

"सहादू," साती जणी एका आवाजात म्हणाल्या आणि नाक धरून पाण्याखाली गेल्या. नदीवर क्षणभर कुणीच दिसेना. मग सुमनबाई पायऱ्या उतरली आणि तिनेही बुडी मारली.