लाल दिवा विझण्याआधी

मी मेमरी कार्ड बोलतोय, पोस्टाच्या तिकिटाएवढं. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते जालन्यातलं दुकान आणि मला विकत घेणाऱ्या रूपालीताई. तीर्थपुरीजवळच्या एका शाळेत त्या शिक्षिका. वर्षभर माझ्यात मुलांच्या सहली नि स्नेहसंमेलनं भरली.

मागच्या हिवाळ्यात ताईंनी सासूबाईंच्या, चांगुणाबाईंच्या, आठवणी कॅमेऱ्यावर रेकॉर्ड करायला घेतल्या. रोज सकाळी शाळेआधी अर्धा तास. मग मला शाळेत न्यायचं आणि तिथल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं. दोन दिवस लग्नाचं, माहेरचं बोलणं झालं.

तिसऱ्या दिवशी म्हातारी एकदम थोरल्या लेकीवर आली. संध्या. चार वर्षांची असताना तापात गेलेली. तिचा एक फोटोसुद्धा नाही. चांगुणाबाईंनी तिचं बोबडं बोलणं हुबेहूब करून दाखवलं, “माये, मला बी ने की लानात!” इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ताई तोंडाला पदर लावून ऐकत होत्या.

तेवढ्यात बाहेर शाळेला नेणाऱ्या जीपचा हॉर्न वाजला. ताईंनी घाईनं रेकॉर्डिंग थांबवलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा अजून लुकलुकत होता. ते बोलणं माझ्यात उतरत होतं. दिवा विझू द्यायचा, कॅमेरा बंद करायचा, मग मला काढायचं. पण ताईंनी दिवा चालू असतानाच झाकण उघडलं आणि मला ओढून पर्समध्ये टाकलं.

शाळेत ती फाइल उघडलीच नाही. जालन्याच्या दुकानदारानं दोन दिवस ठेवून घेतलं नि मान हलवली. “मॅडम, फाइल लिहिता लिहिता कार्ड काढलं तुम्ही. बिलकुल काही मिळंना.”

चार दिवसांनी ताई सासूबाईंपाशी बसल्या. “आत्याबाई, माझ्या हातून संध्याताईचं सगळं गेलं. पुन्हा एकदा सांगता का?”

चांगुणाबाई कॅमेऱ्यासमोर बसल्या.

“एकदाच निघालं ग माय ते. आता न्हाई निघत. तू रडू नको, मंग मलाबी राहवत न्हाई.”

माणसांनो, मला किंवा माझ्या भाऊबंद पेन ड्राइव्हला चालू यंत्रातून असं ओढू नका. कॉम्प्युटरला आधी ‘इजेक्ट’ दाबून सांगा, दिव्याकडे बघा, मग हात लावा. त्याला जीपच्या एका हॉर्नएवढाही वेळ लागत नाही.

आता मी कपाटात, कागदाच्या पुडीत असतो. ताई मला वापरत नाहीत, टाकूनही देत नाहीत. पुण्यात कुणीतरी कार्डातून गेलेलं परत काढून देतं म्हणे. मे महिन्यात त्या मला तिकडे नेणार आहेत. माझ्यात काहीच उरलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्यांना ते सांगायला मला तोंड नाही.