लाभ नावाचा पक्षी

"आईच्या हाती मोजायचं काम देऊ नकोस," भाग्येशनं मला बजावलं होतं. "ती मोजायला बसली की उठत नाही."

नवऱ्याचं हे बोलणं मी कानाआड केलं. एरवी मी इशारे उडवून लावणारी बाई नव्हे. शेंगदाणा घशात अडकतो असं कुठंतरी वाचलं, तेव्हापासून आमच्या घरात शेंगदाणा कुटूनच येतो. वाऱ्याला कारखान्यांचा वास आला की सरावलीतल्या आमच्या इमारतीत पहिली खिडकी माझी लागते. पण मोजण्यानं कुणाचं काय बिघडणार?

शिवाय मला सासूबाईंना रमवायचं होतं. तुळशीचं लग्न आटोपलं की माझी रजा संपणार होती आणि औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मी पुन्हा रुजू होणार होते. दीड वर्षाच्या पिऊला सांभाळायला सासूबाई परभणीकडच्या गावाहून आल्या होत्या, पण फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमत नव्हता. "ना अंगण, ना बोलायला माणूस. मी निघाले बघ गावाला," असं त्या रोज म्हणायच्या. त्या गेल्या की माझी नोकरीही गेली. पिऊला परक्या हाती देणं मला जमणारच नव्हतं. ती बापाजवळ असली तरी मी दाराआडून बघत असते.

आमच्या वरच्या मजल्यावरचा केदार दसरा झाला की नागझरीच्या बाजूला डोंगराच्या धारेवर बसतो आणि शिकारी पक्षी मोजतो. थंडीच्या तोंडाशी ससाणे, भोवत्या, गरुड उत्तरेकडून येतात आणि त्या धारेवरून पुढे जातात, काही तर समुद्रापार. एका रविवारी आम्ही तिघी त्याच्याबरोबर गेलो. पिऊच्या टोपीला मी चार पिना लावल्या होत्या, कारण ससाणा टोपी उचलत नाही याची लेखी हमी केदार देईना.

सतरंजीवर टेकल्या टेकल्या सासूबाईंनी एका घारीकडे बोट केलं. "ही मोजलीस का रे?"

"घारी नाही मोजायच्या, आजी. त्या इथल्याच आहेत."

"म्हंजे गाव सोडून जातो त्यालाच मोजायचं? राहणाऱ्याला काही किंमत नाही?"

तेवढ्यात आभाळात ठिपके दिसले आणि केदारनं दुर्बीण लावली. तो मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवून बोलत बोलत मोजतो आणि घरी जाऊन उतरवून काढतो. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून सासूबाईंना लांबचं फारच स्वच्छ दिसतं. दुर्बिणीत न मावणारे थवे त्याच आधी हेरायला लागल्या आणि त्यांचा आवाज चढला. "लाभ! दोन, तीन, चार... लाभ! दोन, तीन..." मी पिऊच्या मुठीतली माती काढण्यात गुंतले होते, म्हणून माझं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी केदार खाली आला तो उत्साहानं लाल होऊन. "आजी, हा लाभ दिसायला कसा असतो?"

"लाभ दिसतो?" सासूबाई चक्रावल्या. "लाभ होतो, बाबा."

झालं होतं असं, की पक्षी मोजणाऱ्यांच्या ग्रुपवर केदारनं टाकलं होतं: 'प्रत्येक थव्याच्या पुढे एक लाभ उडताना आढळला. स्थानिक नाव असावं. कुणाला माहीत आहे?' एकानं लिहिलं, लग्गड ससाण्याचा अपभ्रंश असेल. दुसऱ्यानं लिहिलं, थव्याला वाट दाखवणारा म्होरक्या असेल. तिसरा फोटो मागत होता.

मग मी सांगितलं. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला आमच्याकडे 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. भाग्येश हसता हसता सोफ्यावरून घसरला. केदारनं तो खुलासाही ग्रुपवर टाकला आणि कुणीतरी चोचीत पैशाची थैली धरलेल्या पक्ष्याचं चित्र करून पाठवलं. ते फिरत फिरत आमच्या इमारतीत आलं. खालच्या मजल्यावरच्या प्रतीक्षानं जिन्यात सासूबाईंपुढे मोबाइल धरला. "आजी, तुमचा लाभ!"

सासूबाई घरात आल्या त्या थेट पिशवी काढायला. "शिकलेल्या लोकात माझं हसू केलंत," त्या मला म्हणाल्या. "उद्याच्या गाडीचं तिकीट काढ, ज्ञाना."

मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. "केदार, तुझ्या त्या थैलीवाल्या पक्ष्यापायी माझी नोकरी चाललीय. खाली चल."

तो आला आणि पिशवीशेजारीच फरशीवर बसला. "चुकलो, आजी. पण तुम्ही गेलात तर पंचाईत आहे. मी दुर्बिणीत डोळे घातले की बाकीचं आभाळ कोण बघणार?"

सासूबाई साडीची घडी घालत राहिल्या. मग ती घडी मांडीवर ठेवून म्हणाल्या, "मी आले तर कुणी एक म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

"तू बी नाही."

"पण आजी, अहवालात..."

"अहवालात काय लिहायचं ते लिही. तोंडानं एक म्हटलं की ते पाखरू एकटं पडतंय. त्याला समुद्र ओलांडायचाय म्हणतोस ना?"

केदार हळूच म्हणाला, "लाभ."

"मोठ्यानं."

इतक्या मोठ्यानं म्हणाला की पिऊ झोपेतून उठली. पिशवी पुन्हा माळ्यावर गेली.

मी कामावर रुजू झाले. केदारची दुपारपाळी असली की सकाळी तो सासूबाईंना आणि पिऊला गाडीतून धारेवर नेतो. मी परवानगी दिली ती एका अटीवर, की पिऊकडे बघायला वेगळं माणूस हवं. धारेखालच्या पाड्यावरची नवसी शेळ्या घेऊन तिथंच असते, ती तयार झाली. पण परवा मी तिला विचारलं तर म्हणते, "बाय, म्हातारी मोजते तं मी का नाय मोजायचं? मी बी लाभ बोलते."

म्हणजे आता तिघांच्याही माना वर.

आमच्या प्रयोगशाळेत मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो आणि धारेवर रेंज नसते. आज गाडीतून उतरताना केदारनं निरोप पाठवलाय की वारा छान आहे, भरपूर पक्षी येणार. तुम्ही कुणी नागझरीच्या रस्त्यानं जात असाल, तर जरा वर चढाल का? पक्षी नका बघू, ते बघणारे खूप आहेत. आमची पिऊ कुठं आहे तेवढं बघा.