सेंदोचं सोंग

तीन जिने चढून सेंदो मकाराएग सरावाच्या हॉलपाशी पोचला, तेव्हा त्याचा डावा गुडघा ठणकत होता. तरी कठड्याला त्याने हात लावला नव्हता. गेली तीन वर्षं लावला नव्हता. बास्केटबॉलमध्ये बास्केटखाली खेळणाऱ्या सहा फूट आठ इंचाच्या सेंटरचा गुडघा गेला हे एकदा कळलं, की त्याचं दुकान बंद.

"बूट न्यायला आलात होय, कुया?" दाराशी संघाचं सामान सांभाळणारी लुझ भेटली. इथे सगळे त्याला कुया, म्हणजे दादा म्हणायचे. "काल तुम्हाला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं काय, आणि उद्या आमच्याशीच मॅच काय!"

"पंधरा नंबरचे बूट अख्ख्या पासिग शहरात मिळत नाहीत, बाई. अनवाणी खेळू?"

"खेळा की! तेवढेच आमच्या पोरांचे पाय वाचतील."

ती बूट शोधायला वळली. कालपासूनचा नवा संघ तेरा वर्षांत सेंदोचा नववा. रंगवाले, खतवाले, सार्डिनवाले. अंगातल्या शर्टावर कंपनीचं नाव बदलायचं, काम तेच. सामन्यात शेवटची चार मिनिटं धक्के खायचे आणि द्यायचे. आणि सरावात पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या सेंटरचं सोंग घ्यायचं, म्हणजे आपल्या बड्या खेळाडूंना त्याची सवय होते. सोंग तो हुबेहूब वठवायचा. बायको तेरेसिता म्हणायची, "तू सगळ्यांची नक्कल करतोस. तुझी कोण करतं रे?" तो हसण्यावारी न्यायचा, पण ते त्याला लागायचं. एकदा तरी कुणीतरी आपल्यासाठी सराव करावा, एवढीच त्याची हाव होती.

आतून कोचचा आवाज आला, "एल्मर, आज तू सेंदो हो."

सेंदो जागच्या जागी थांबला. एल्मर म्हणजे संघाचा हुकमी सेंटर. त्याच्यासाठी सेंदोने दोन वर्षं सोंगं घेतली होती. आता एल्मर खांबासारखा वाटेत उभा राहिला, चेंडू मिळाला नाही तरी कुरकुरला नाही. मग त्याने एकाला धक्का देऊन पाडलं आणि लगेच दोन्ही हातांनी उठवलं. सगळे खो-खो हसले. दाराआड सेंदोही हसला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"अरे, पाय विसरलास!" कोच ओरडला. "परत धाव."

एल्मर परत धावला. डावा पाय किंचित ओढत, सगळा भार उजव्यावर. डावीकडे वळण्याआधी क्षणभर अडखळला. या वेळी कुणी हसलं नाही.

"हां, हा खरा सेंदो. उद्या चेंडू सगळा त्याच्या डावीकडून काढायचा."

लुझ बुटांची पिशवी घेऊन आली होती.

"तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?" सेंदोने हळूच विचारलं.

"पहिल्या दिवसापासून, कुया." ती पिशवीच्या बंदाची गाठ बघत होती. "म्हणून तर कोच चारच मिनिटं खेळवायचे."

त्याने पिशवी खांद्याला लावली. पहिल्याच पायरीवर कठडा घट्ट धरला आणि एकेक पायरी करत, सावकाश, तिन्ही जिने उतरला.