माझ्या ओळीवरची चिठ्ठी

मित्रांनो, कॉलेजात साहित्य शिकवणाऱ्या आमच्या सरांच्या टेबलावर एक पत्र कित्येक महिने उत्तराविना पडून होते. ते उडू नये म्हणून त्याच्यावर मला ठेवले होते. मी एक जुनी कादंबरी आहे. एवढी वर्षे शिकवून झाल्यावर माझा उपयोग काय, तर वजन! असो.

माझी गोष्ट उसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या एका बाईची आहे. छापखान्यातून निघाले तेव्हा माझी पाने कोरी करकरीत होती. सरांनी मला घेतले, एका बैठकीत वाचले आणि डोळे पुसले. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा दिवस.

मग सरांना वसाहतोत्तर सिद्धान्त भेटला. ज्यांच्यावर परक्यांनी राज्य केले, त्यांची गोष्ट कोणी सांगितली आणि कोणाचे बोलणे गाळले, हे त्यात तपासतात. विचार चांगलाच आहे हो, माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. पण सरांनी आधी माझे समास भरले. समास संपले तेव्हा चिठ्ठ्या लिहून थेट ओळींवर डकवायला सुरुवात केली. त्यासाठी सरांच्या पत्नी, आमच्या काकू, कणकेची खळ शिजवून देत आणि विचारत, "पुस्तक वाचताय की त्याला पोटीस लावताय?"

एका पानावर मळ्याचा मालक त्या बाईला नवे नाव देतो. तिथे सरांनी चिठ्ठी लावली, 'या स्त्रीचा आवाज हिरावून घेतला आहे. ती संपूर्ण कादंबरीत बोलत नाही.' आणि चिठ्ठीखाली काय होते? तिचे बोलणे! मी कपाळावर हात मारला असता, पण मला हात नाहीत. पुढे सर वर्गात मूळ ओळी सोडून चिठ्ठ्याच वाचत. त्यांचा त्यावरचा लेख गाजला. वाहवा ऐकून माझे कान किटले.

पत्र त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीचे होते. तिने प्रबंधात लिहिले होते की ती बाई बोलते. तिच्या मार्गदर्शकांनी सरांचा लेख पुढे करून प्रबंध परत केला होता. 'सर, तुम्ही एकदा ते पान बघाल का? नाहीतर मला सगळं सोडून द्यावं लागेल.'

सरांनी पान बघितले. म्हणजे चिठ्ठी बघितली, मान डोलावली आणि मला मिटले. असे त्यांनी किती वेळा केले म्हणून सांगू! पोर चुकली आहे हे तिला कळवणे त्यांच्या जिवावर येई. शिवाय आपलेच चुकले असेल तर, ही धाकधूक होतीच. मग ते चष्मा पुसत बसत. मी आत ओरडून ओरडून दमले.

शेवटी माझी सुटका कोणी केली असेल? कसरीने! पुस्तके कुरतडणारी ती चंदेरी कीड माझी जन्माची वैरीण. पण तिला खळ फार आवडते. एका सकाळी सरांनी पुन्हा तेच पान उघडले आणि चिठ्ठी गळून त्यांच्या चहात पडली.

खाली ती ओळ होती. सरांनी ती मोठ्याने वाचली, "हे माझं नाव नाही. माझं खरं नाव मी तुला सांगणार नाही."

मग म्हणाले, "अगं, ही मुकी नाही. ही सांगत नाहीये."

काकू भाजी निवडत होत्या. "तिचं राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्या पोरीला सांगताय का, ते बोला."

सरांनी तिथेच लिहायला घेतले. 'तू वाचलंस ते बरोबर आहे. ती बोलते. माझ्या प्रतीत तिच्या तोंडावर माझीच चिठ्ठी होती. हे पत्र तुझ्या मार्गदर्शकांना दाखव.'

मित्रांनो, माझ्याबद्दल खुशाल बोला, भांडा. पण आधी मला वाचा, आणि माझ्या ओळींवर काही डकवू नका.

सर वाटेतून परत फिरतील म्हणून काकू टपालपेटीपर्यंत सोबत आल्या. मी सरांच्या काखेत होते. पाकीट आत पडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.