रेषेबाहेरची धाव

मुलीला जास्त खेळवता अशी तक्रार घेऊन आलेली आई कोचने उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली.

बाकीचे पालक यायचे ते उलट गाऱ्हाणं घेऊन. उंच मुलीचे बाबा तर दर सामन्यानंतर हजर. "मॅडम, माझी पोर संघात सगळ्यात उंच. नुसता हात वर केला तरी चेंडू जाळीत पडतो. तिला बाकावर बसवून तुम्ही त्या टीचभर पोरीला उतरवता, हा कुठला न्याय?"

कोच दिवसा दातांच्या डॉक्टर होत्या आणि संध्याकाळी गळ्यात शिट्टी अडकवून मुलींना पळवायच्या. दोन्हीकडे पोरी त्यांना सारख्याच टरकून असत. त्या शांतपणे म्हणायच्या, "हात वर करते हो, पण पाय उचलत नाही. पाय उचलला की उतरवते."

त्यांचा कायदा एवढाच. बास्केट कोणी किती केले याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. चेंडू हातून निसटल्यावर कपाळाला हात लावून उभी कोण राहते आणि मागे कोण धावते, तेवढं त्या बघायच्या. धावणारी खेळायची, अंग चोरणारी बाहेर बसायची. बाहेर बसलेलीला परत आत यायची वाटही एकच होती. मैदानाच्या कडेला, रेषेबाहेर, खेळाबरोबर धावायचं. खेळ इकडे आला की इकडे, तिकडे गेला की तिकडे, कोचचं समाधान होईपर्यंत.

ती टीचभर पोर म्हणजे भुंगा. सतत चेंडूभोवती घोंघावते म्हणून मैत्रिणींनी ठेवलेलं नाव. तिचा नेम असा की चेंडू फळीला लागला तरी घरी कौतुक व्हायचं. पण धावायची मात्र अशी, की जणू पाठीमागे वाघ लागलाय. साहजिकच सगळ्यात जास्त वेळ मैदानात तीच असायची.

आणि वर लाकडी पायऱ्यांवर तिची आई जीव मुठीत धरून बसायची. ती विम्याच्या कचेरीत अपघाताचे दावे तपासायची. माणसाचं काय काय मोडू शकतं, मुरगळू शकतं, निखळू शकतं, हे तिला तोंडपाठ होतं, आणि त्याचाच तिला पगार मिळायचा. शिवाय भुंगा लहान असताना छातीच्या दुखण्याने दवाखान्यात राहिलेली. डॉक्टरांनी कधीच सांगून टाकलं होतं, पोर ठणठणीत आहे, खुशाल पळू दे. पण डॉक्टर सांगून मोकळे झाले. रात्री उशाशी बसून श्वास मोजलेले होते ते आईने. भुंगा मैदानात धापा टाकायला लागली की इथे पायरीवर आईचा श्वास अडकायचा.

अंतिम सामन्याच्या आधीचा सराव संपला तेव्हा कोच चेंडू जाळीच्या पोत्यात भरत होत्या. आई चाचरत पुढे गेली.

"मॅडम, जरा बोलायचं होतं. खेळायच्या वेळेबद्दल."

"पाय उचलला की उतरवते," कोच मान वर न करता म्हणाल्या.

"तसं नाही. तुम्ही तिला फार उतरवता. थोडं कमी खेळवाल का?"

कोचच्या हातातला चेंडू सुटून घरंगळत गेला. कमरेवर हात ठेवून त्यांनी आईला नीट न्याहाळलं. "चांगला दात काढून टाका म्हणणारा पेशंटसुद्धा मला अजून भेटला नाही, भुंग्याच्या आई. हे बघा, वेळ मी देत नाही, पोरी कमावतात. कमी हवा असेल तर सांगा तिला, कमी धाव म्हणून."

कोच थट्टेत बोलल्या आणि चेंडूमागे गेल्या. आईने मात्र ते मनाशी पक्कं धरलं. एवढी सोपी युक्ती आपल्याला आधी कशी सुचली नाही, याचंच तिला नवल वाटलं.

घरी भुंग्याचे केस पुसता पुसता तिने विषय काढला. "उद्या जरा हळू धाव हं."

"हळू म्हणजे?" टॉवेलच्या आतून आवाज आला.

"म्हणजे अर्धं धाव."

"अर्धं कसं धावतात? एकाच पायाने?"

पलीकडे कपड्यांच्या घड्या घालणारा बाबा खुदकन हसला. "अगं, वाऱ्याला सांगून बघ आधी, अर्धा वाहतो का."

"तू मध्ये पडू नकोस. मी काही वाईट सांगत नाहीये." आईने टॉवेल बाजूला केला. "छातीवर ताण येईल असं नको, एवढंच. माझी शपथ आहे तुला."

भुंग्याचं तोंड एवढंसं झालं. शपथेपुढे तिचं काही चालत नसे. "बरं," ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच न सांगता झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी हॉल खच्चून भरला होता. शिट्टी झाली, बुटांचे तळवे लाकडी जमिनीवर चिर्र चिर्र वाजायला लागले. भुंगा धावत होती, पण बाजारातून भाजी आणायला निघाल्यासारखी. एक चेंडू तिच्या शेजारून गेला. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग वर पायऱ्यांकडे पाहिलं, आणि त्याला जाऊ दिलं.

कोचने लगेच तिला बाहेर काढलं आणि उंच मुलीला आत पाठवलं.

"आली, आली, कोचना अक्कल आली," उंच मुलीचे बाबा मांडी थोपटत म्हणाले.

आईचा जीव भांड्यात पडला. पण तिथे तो फार वेळ राहिला नाही. बाकावरच्या बाकी पोरी घसा फाटेस्तोवर ओरडत होत्या, आणि भुंगा मांड्यांखाली हात दाबून बसली होती, कपाटात जपून ठेवलेल्या काचेच्या कपासारखी. ना घाम, ना धाप, ना ओरखडा. आईला हवी होती अगदी तशी. आणि ते बघवत नव्हतं.

कोच खाली वाकल्या. पायऱ्या जवळच होत्या, सगळं ऐकू येत होतं.

"कुठे दुखतंय का?"

भुंग्याने मान हलवली.

"मग रेषेबाहेर धावतेस?"

पुन्हा नकार.

"का गं?"

भुंग्याने नजर बुटांकडे वळवली. आईने शपथ घातली म्हणून सांगितलं असतं तर एका शब्दात सुटली असती. पण तिने आईचं नाव काढलं नाही. "बरं," म्हणून कोच वळल्या, आणि त्यांच्या त्या एका शब्दातली निराशा वर पायऱ्यांपर्यंत पोचली. आपली पोर आज सगळ्यांदेखत कामचुकार ठरली, आणि तेही आपल्याला झाकण्यासाठी.

हातातली पिशवी नवऱ्याच्या मांडीवर टाकून ती खाली उतरली.

"शपथ सुटली," बाकासमोर उकिडवी बसत ती म्हणाली.

भुंग्याने डोळे बारीक केले. "पूर्ण सुटली की अर्धी?"

"पूर्ण."

"पालकांना इथे यायला बंदी आहे," मागून कोचचा आवाज आला.

आई उठून उभी राहिली. "मॅडम, तिची चूक नाही. मीच तिला हळू धाव म्हटलं होतं. म्हणजे, तुम्हीच म्हणालात ना."

"मी?" कोचना आठवायला क्षणभर लागला. मग त्यांच्या मिश्कील डोळ्यांभोवती सुरकुत्या पडल्या, आवाज मात्र तसाच कडक. "म्हणजे अंग चोरलं कुणी? तिने की तुम्ही?"

"मी."

"मग कायदा सगळ्यांना सारखा. चला, रेषेबाहेर. दोघी."

आईला वाटलं, थट्टा असेल. पण भुंगा एव्हाना निघालीसुद्धा होती. आईने चपला बाकाखाली सारल्या, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि शाळा सोडल्यापासून पहिल्यांदाच बस पकडायची नसताना धावायला लागली.

खेळ तिकडे गेला की दोघी तिकडे, इकडे आला की इकडे. दोन फेऱ्यांतच आईच्या बरगडीत कळ आली. वर पायऱ्यांवर हशा पिकला होता. उंच मुलीच्या बाबांना तर ही पर्वणीच. "वहिनी, पाय उचला, पाय," ते ओरडले. "उचलला की उतरवतात."

आणि शेजारी भुंग्याची टकळी अखंड सुरू. "आई, खांदे सैल सोड. आई, वळताना आधी डावा टाक. अगं, तोंड बंद करून नाकाने घे ना श्वास. आई, तू ना आपल्या वॉशिंग मशीनसारखा आवाज काढतेयस."

उत्तर द्यायला आईकडे श्वास नव्हता. आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं. आपल्याला एक अक्षर फुटत नाहीये, आणि ही पोर धावता धावता आपली शिकवणी घेतेय, वर टिंगल करतेय. एवढं बोलायला छातीत केवढी हवा लागत असेल. सवयीने तिने कान टवकारले, त्या जुन्या घरघरीसाठी. घरघर होती, पण ती तिची स्वतःची होती.

तिला हसू फुटलं. धावताना हसायचं नसतं हे तिला माहीत नव्हतं. उचकी लागली, तरी ती थांबली नाही.

"भुंगा, आत," कोच ओरडल्या.

भुंगा बाणासारखी सुटली. जाताच तिच्या हातून चेंडू निसटला. कपाळाला हात न लावता ती मागे वळली, समोरच्या मुलीच्या काखेखालून शिरली, चेंडू हिसकावला आणि उंच मुलीकडे फेकला. उंच मुलीला काय वाटलं कोण जाणे, तिने पाय उचलला. हॉलमध्ये असा गलका उठला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

खेळ तिकडे गेला, आई तिकडे गेली. इकडे आला, इकडे आली. तिला आता कुणी धाव म्हणत नव्हतं. तिचा अंबाडा सुटला, तो बांधायला ती थांबली नाही. तिला फक्त ते छोटे बूट दिसत होते, आणि त्यांच्या मागे पडायचं नाही एवढंच ठाऊक होतं.

लांब शिट्टी वाजली तरी तिची एक फेरी झालीच. शेवटी कुणीतरी घामाने ओल्या हाताने तिचा हात धरून ओढला.

"आई, थांब ना आता. संपलं."

आई गुडघ्यांवर हात टेकून वाकली. "कोण... जिंकलं?"

"आपण." भुंगा तिच्याकडे बघतच राहिली. "तू बघितलं नाहीस?"

"कधी बघणार?" आई म्हणाली. "मी धावत होते."